जुनी पिकअप उचलताना: सस्पेन्शनच्या प्रकल्प नोंदी

१ नोव्हेंबर, शनिवार

पान्याला हात लावण्याआधी मापं घेतली. गाडी सपाट फरशीवर, हौदा रिकामा, टाकी अर्धी, टायरमध्ये हवा ठरलेली. माप जमिनीपासून घेतलं नाही. हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कमानीच्या काठापर्यंत घेतलं. जमिनीपासून मोजलं की टायरची झीज आणि हवाही त्या आकड्यात शिरते आणि सस्पेन्शन नेमकं किती बसलंय ते कळत नाही.

पुढे डावीकडे ४५२ मिमी, उजवीकडे ४४९. मागे डावीकडे ४४६, उजवीकडे ४३१.

मागचे आकडे बोलके आहेत. रिकामी पिकअप मागून थोडी उचललेली दिसली पाहिजे, कारण माल भरल्यावर ती बसणार हे धरूनच पाटे (मागच्या स्प्रिंगच्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) बनवलेले असतात. ही रिकामी असतानाच मागून खाली आहे, आणि शिवाय उजवीकडे १५ मिमी कललेली. म्हणजे गाडी ‘उचलायची’ म्हणताना आधी तिची गेलेली उंची परत आणायची आहे. कमी खर्चात काम करायचं तर सुरुवात इथूनच व्हायला हवी. जे हरवलंय ते मिळवायला नवं किट लागत नाही.

मग हौद्यात ३०० किलो वाळूची पोती टाकून पुन्हा मोजलं. मागची बाजू सरासरी ६१ मिमी बसली. हा आकडा जपून ठेवतोय, शेवटी कामाला येईल.

किती उचलायची? खडबडीत वाटेवर सायलेन्सरचा मागचा तुकडा, टो हुक आणि पुढच्या इंजिनाखालचा पत्रा घासतात. या तिन्हींना पुढे ३० आणि मागे ४० मिमी मिळाले तरी पुरे. एक गोष्ट मात्र आधीच मान्य करायला हवी. मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा (डिफरन्शियल, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या गिअरची पेटी) यातल्या कशानेही वर जाणार नाही. पाटे कितीही उंच केले तरी अ‍ॅक्सल चाकांवरच बसलेला, त्याची जमिनीपासूनची उंची फक्त मोठ्या टायरने वाढते. आत्ता २३५/७५ आर १५ आहेत, व्यास सुमारे ७३३ मिमी. ३१ इंची टायर घातले तर व्यास ७८७ होईल आणि गोळ्याखाली २७ मिमी मिळतील, पण स्पीडोमीटर प्रत्यक्ष वेगापेक्षा सुमारे ७ टक्के कमी दाखवू लागेल. आत्ताच्या टायरमध्ये नक्षी भरपूर शिल्लक आहे. ते झिजेपर्यंत टायरचा विचार नाही.

२ नोव्हेंबर

यू-बोल्टाचे (पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे) नट, शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी) बोल्ट, शॉकअपचे खालचे नट, टॉर्शन बारचे (पुढे स्प्रिंगचं काम करणारी, पीळ घेणारी सळई) अ‍ॅडजस्टर बोल्ट, सगळ्यांचे आटे तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारं तेल मारलं. आठवडाभर रोज मारायचं. जुन्या गाडीत अर्धं काम हे तेल करतं.

५ नोव्हेंबर

आज मागच्या बाजूचा निर्णय झाला. पर्याय चार होते.

पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये ब्लॉक टाकणं सगळ्यात स्वस्त. ४० मिमीचा ब्लॉक म्हणजे बरोबर ४० मिमी उंची. पण थकलेला पाटा थकलेलाच राहतो आणि ब्लॉकच्या उंचीमुळे अ‍ॅक्सलला पाटा पिळायला जास्त तरफ मिळते. क्लच झटक्यात सोडला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वळतो आणि डिफरन्शियलचं तोंड वर उसळतं. ब्लॉकवर ब्लॉक रचणारे लोक आहेत, ते तर कधीच करू नये. पुढचा अ‍ॅक्सल पाट्यांवर असेल तर त्याखाली एकसुद्धा ब्लॉक नको, ब्रेक मारताना सगळा जोर तिथेच येतो.

लांब शॅकलही स्वस्त. पण शॅकल जेवढी लांब होते त्याच्या निम्मीच उंची अ‍ॅक्सलपाशी मिळते. ४० मिमी हवे तर शॅकल ८० मिमीने वाढवावी लागेल. शिवाय पाट्याचं मागचं टोक खाली गेल्याने अ‍ॅक्सल फिरतो, डिफरन्शियलचं तोंड वर होतं आणि जॉइंट शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या अ‍ॅक्सलला नेणारा दांडा) कोन बिघडतो. वळणावर गाडी आडवी डोलते ते वेगळंच.

नवा तयार सेट उत्तम, पण खर्चात बसत नाही.

राहिला चौथा पर्याय: आहेत ते पाटे सोडवून तपासायचे, त्यांना पुन्हा कमान द्यायची आणि एक पातळ पाटा वाढवायचा. यात श्रम सगळ्यात जास्त आहेत, पण गाडीचा मूळ आजार हाच एक पर्याय बरा करतो. हाच धरला.

बॉडी लिफ्टचा (चॅसी आणि बॉडीमध्ये ठोकळे घालायचा) विचारही केला नाही. त्याने केबिन वर जाते, सायलेन्सर आणि टो हुक जिथल्या तिथे.

८ नोव्हेंबर, शनिवार

उजवी बाजू सोडवली. पुढच्या चाकांना उटी, चॅसीखाली दोन घोड्या, अ‍ॅक्सलखाली वेगळा जॅक. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा. अ‍ॅक्सलखालचा जॅक हळूहळू वरखाली करून पाट्यावरचा ताण काढला आणि मगच शॅकलच्या बोल्टाला हात लावला. यू-बोल्ट सोडण्याआधी लोड-सेन्सिंग व्हॉल्व्हच्या दांडीची जागा खडूने चॅसीवर आखून ठेवली, त्याबद्दल पुढे.

यू-बोल्टाचे तीन नट तेलाने सुटले. चौथा कापला. यू-बोल्ट तसेही पुन्हा वापरायचे नव्हते. ते आवळताना ताणले जातात, आटे एकदा दबलेले असतात, दुसऱ्यांदा तीच पकड देतील याची खात्री नाही. खर्च वाचवायच्या शंभर जागा आहेत, ही त्यांतली नाही.

सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) काढताना पाट्यांच्या गठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी सी-क्लॅम्प लावले. आतली ताकद दिसत नाही, पण सुटली की बोटं वाचत नाहीत. बोल्ट काढून त्याच भोकात लांब आट्याची सळई घातली आणि नट एकेक फेरा सोडत गठ्ठा मोकळा केला.

पाटे फरशीवर ओळीने मांडले. मेन पाटा, त्याखाली तीन, सगळे ६० मिमी रुंद आणि ७ मिमी जाड, सर्वात खाली जाड सरळ तळपाटा. प्रत्येक आखूड पाट्याचं टोक वरच्या पाट्यात घासून नखाला जाणवेल अशी खाच पडली होती. ब्रश मारून गंज निघाल्यावर तिसऱ्या पाट्यावर सेंटर बोल्टाच्या भोकापासून काठापर्यंत एक केसाएवढी लालसर रेघ दिसली. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, ओरखडा असेल.” ओरखडा पुसला की मधे चकाकतो. ही रेघ कापडाने पुसली, रॉकेल लावून पुसली, आणि थोड्या वेळाने तिच्यातूनच तेलाची ओली लकेर पुन्हा वर आली. म्हणजे आत पोकळी आहे, पाट्याला चीर गेली आहे. उजवीकडे १५ मिमी खाली का होतं, त्याचं बरंचसं उत्तर या रेघेत मिळालं.

तुटका पाटा वेल्डिंग करून चालत नाही. स्प्रिंगचं पोलाद उष्णतेने आपलं पाणी गमावतं, वेल्डच्या शेजारीच पुढची चीर जाते. गॅसने तापवून कमान देणाऱ्यांपासूनही याच कारणाने लांब राहावं.

९ नोव्हेंबर

डावी बाजू. चीर नाही. चारही बुश (जोडांमधल्या रबरी नळ्या) मात्र गेलेले, रबर लोखंडापासून सुटून फिरत होतं.

१२ नोव्हेंबर

भंगारातून पाटे आणले. दोन उजव्या-डाव्या जोड्या समोर होत्या, एक ९ मिमी जाडीची आणि एक ६ मिमीची, रुंदी दोन्हींची ६०. जाड दिसला की मजबूत वाटतो आणि हात तिकडेच जातो. पण पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ९ मिमीचा एक पाटा माझ्या ७ मिमीच्या दोन पाट्यांपेक्षाही ताठ पडतो. तो घातला असता तर गाडी वर नक्की आली असती, पण रिकामी असताना प्रत्येक खड्ड्यात मागची चाकं उडाली असती. ६ मिमीचा पाटा ७ मिमीच्या सुमारे ६३ टक्के ताठ. चार पाट्यांमध्ये त्याची भर पडली की एकूण ताठपणा साधारण १६ टक्के वाढतो. एवढंच हवं होतं. चीर गेलेल्या पाट्याच्या जागी त्याच गाडीचा ७ मिमी पाटा वेगळा मिळाला.

भंगारातला पाटा घेताना तीन ठिकाणी बघितलं: सेंटर बोल्टाच्या भोकाभोवती, क्लिपच्या रिबिटापाशी आणि काठांवर. काठावरची एक खोल ठेच पुढे चिरेची सुरुवात ठरते.

मग सगळे पाटे कमान द्यायला पाट्याच्या कारागिराकडे दिले. तो प्रेसवर थंडच वाकवतो, तापवत नाही. ते उभं राहून पाहण्यासारखं आहे: पाटा दोन ठोकळ्यांवर आडवा, दर दोन बोटांवर एक हलका दाब, मग पाटा सरकवायचा, पुन्हा दाब. कुठेही मोडल्यासारखा कोपरा नाही, सगळी कमान एकसंध. त्यानेच स्पष्ट सांगितलं, “साहेब, थंड कमान थोडी परत बसतेच. म्हणून हव्यापेक्षा जरा जास्त देतो.” पटलं. मेन पाट्यापासून खालच्या प्रत्येक पाट्याला वरच्यापेक्षा किंचित जास्त कमान दिली, म्हणजे सेंटर बोल्ट आवळला की टोकं एकमेकांवर घट्ट बसतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जोडणी. पाटे कोरडे, साफ, मधे ग्राफाइटचा पातळ थर. ग्रीस लावलं नाही, त्याला धूळ चिकटते आणि ती पाटा खाते. नवा पाटा लांबीच्या क्रमाने तिसऱ्या जागी. नवा सेंटर बोल्ट, त्याचं डोकं अ‍ॅक्सलवरच्या भोकात नीट बसतंय याची बोटाने खात्री केली. अ‍ॅक्सल पुढेमागे सरकू नये म्हणून तेच डोकं आधार असतं.

यू-बोल्ट नवे, वाढलेल्या जाडीचा हिशेब धरून लांब. चारही नट तिरपे-तिरपे, थोडेथोडे, चारही पायांवर बाहेर दिसणारे आटे सारखे ठेवत. शेवटचा ताण टॉर्क रेंचने, गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

शॅकलचे आणि पुढच्या डोळ्याचे बोल्ट आज फक्त हाताने लावले. घोडीवर गाडी असताना पाटा लोंबकळतो. तेव्हा बोल्ट आवळला तर बुशमधलं रबर त्या अवस्थेत पकडलं जातं, आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं. असे नवे बुश काही महिन्यांतच फाटतात, आणि लोक दोष बुशच्या कंपनीला देतात. चाकं लावली, गाडी खाली घेतली, हौद्यात उभं राहून उड्या मारल्या, गाडी पुढेमागे ढकलली, आणि मग खाली शिरून बोल्ट आवळले.

मागे डावीकडे ४८९, उजवीकडे ४८७.

१६ नोव्हेंबर

उंची मिळाली म्हणजे काम झालं असं नाही. अ‍ॅक्सल चॅसीपासून लांब गेला की त्याला जोडलेली प्रत्येक गोष्ट ताणली जाते. आज तीच यादी.

ब्रेकचा होज: अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळत सोडून पाहिला. सैल आहे. ब्रीदरची (अ‍ॅक्सलमधली हवा बाहेर सोडणारी) नळी ताणत होती, तिचा क्लिप एक भोक खाली घेतला.

शॉकअप: शॉकअप काढून अ‍ॅक्सल लोंबकळत सोडला तर वरच्या आणि खालच्या माउंटमधलं अंतर ५५५ मिमी भरतं. जुना शॉकअप पूर्ण उघडून ५३०. म्हणजे चाक खाली गेलं की पाट्याआधी शॉकअपच अडणार, आणि हिसका त्याच्या दांड्याला व माउंटला बसणार. इथे पैसे काढावेच लागले. नवे शॉकअप उघडून ५७५, बंद होऊन ३५०. बंप स्टॉप (अ‍ॅक्सल पूर्ण वर आल्यावर त्याला अडवणारं रबर) टेकतो तेव्हा माउंटमध्ये ३७२ मिमी राहतात, तेव्हा बंद होतानाही २२ मिमी शिल्लक. शॉकअप घेताना लोक उघडलेली लांबीच बघतात, बंद लांबी तितकीच महत्त्वाची. लांब शॉकअप आतून आधी टेकला तर तो फुटतो किंवा माउंट उपटतो.

लोड-सेन्सिंग व्हॉल्व्ह: ही जागा सगळ्यात जास्त विसरली जाते. चॅसीवरच्या या व्हॉल्व्हपासून एक दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते. हौद्यात माल आला की चॅसी खाली येते, दांडी वर ढकलली जाते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी उचलली की व्हॉल्व्हला वाटतं हौदा कायम रिकामाच आहे. मग माल भरलेला असतानाही मागचा ब्रेक कमी लागतो आणि थांबायचं अंतर वाढतं. अ‍ॅक्सलवरचा दांडीचा ब्रॅकेट ४० मिमी वर घेणारी एक जाड पट्टी बनवली आणि दांडी खडूने आखलेल्या जुन्या रेषेशी जुळवली. पट्टी वाकणार नाही इतकी जाड, बोल्टाला लॉक नट. मोकळ्या जागेत जोराचे ब्रेक मारून पाहिले, रिकामी आणि भरलेली दोन्ही.

जॉइंट शाफ्ट: डिजिटल कोनमापक लावला. ट्रान्सफर केसचं (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) तोंड आणि डिफरन्शियलचं तोंड एकमेकांना समांतर असावं लागतं, म्हणजे दोन क्रॉसमधली (शाफ्टच्या दोन टोकांचे वळते सांधे) गतीची चढउतार एकमेकांना मारते. फरक अर्ध्या अंशाच्या आत. शाफ्ट सुमारे १२०० मिमी लांब असल्याने ४० मिमी उंचीने त्याचा उतार दोनेक अंशांनी वाढलाय, तो क्रॉस सहज सोसतो. पाचर घालायची गरज पडली नाही. लांब शॅकल लावली असती तर पडली असती.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पुढची बाजू, टॉर्शन बार. सुटे भाग काहीच लागत नाहीत, म्हणूनच लोक इथे ताबा सोडतात.

आधी समजून घ्यायला हवं की बार फिरवल्याने स्प्रिंग ताठ होत नाही. गाडीचं वजन तेवढंच, बारला पीळही तेवढाच बसतो. बदलतं ते आर्मचं (चाक धरणाऱ्या झुलत्या दांड्याचं) उभं राहण्याचं ठिकाण. तरीही बार पिळलेल्या गाड्या दगडासारख्या आदळतात, कारण चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. पूर्ण लोंबकळलेलं चाक माझ्या गाडीत ५३५ मिमीवर थांबतं. ४५२ वर उभी होती तेव्हा खाली जायला ८३ मिमी होते. ४८० वर नेली की ५५ उरतात. आणखी ३० मिमी वर नेली असती तर २५ उरले असते, आणि प्रत्येक लहान खड्ड्यात वरचा आर्म आपल्या रबरावर आदळला असता. एकूण प्रवास वाढत नाही, खालचा कापून वर दिला जातो. म्हणून ४८० ला थांबायचं हे पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवलं होतं.

अ‍ॅडजस्टर बोल्टाचे बाहेर दिसणारे आटे दोन्ही बाजूंनी कॅलिपरने मोजून लिहिले. बोल्ट वजनाखाली फिरवायचा नाही, आटे सोलले जातात. चाकं हवेत घेतली, आट्यांना ग्रीस, मग फिरवला. या गाडीत एका फेऱ्याला चाकापाशी साधारण ५ मिमी मिळतात. दोन्हीकडे फेरे सारखे द्यायचे नसतात, उंची सारखी आणायची असते. उजवीला अर्धा फेरा जास्त लागला.

दर वेळी गाडी खाली घेतल्यावर दहा-पंधरा पावलं पुढेमागे ढकलून मग मोजलं. जॅकवरून उतरलेली चाकं आत ओढलेली असतात, टायर फरशीला धरून राहतात आणि गाडी खोटी उंच दिसते.

डावीकडे ४८१, उजवीकडे ४८०.

चाकं लोंबकळत ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. भावाने हाताने चाक फिरवलं, मी सीव्ही जॉइंटच्या (पुढचं चाक फिरवणाऱ्या सांध्याच्या) बुटाच्या, म्हणजे रबरी आवरणाच्या, घड्या पाहत होतो. घड्या एकमेकींना घासत नाहीत. डिफरन्शियल खाली घेणारे स्पेसर त्यामुळे वगळले.

२३ नोव्हेंबर

अलाइनमेंट होईपर्यंत गाडी लांब नेली नाही. आर्म खाली झुकले की कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) आणि टो (चाकांची तोंडं समोर किती आत-बाहेर) दोन्ही सरकतात. घरी दोरी धरून टो कामचलाऊ जुळवता येतो, पण कॅम्बर आणि कॅस्टरसाठी (स्टेअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) मशिनच हवं. खालच्या आर्मचे एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवून आर्म सरकवता येणारे) आधीच सोडवून तेल मारून ठेवले, ते जाम असले की अलाइनमेंटवाला नुसता टो जुळवून गाडी परत देतो.

२६ नोव्हेंबर

अलाइनमेंट झालं. सगळे आकडे मर्यादेत आले, कॅम्बरला अजून थोडी जागाही शिल्लक आहे. संध्याकाळी भिंतीसमोर हेडलाइटचा झोत खाली घेतला. पुढची बाजू २९ ते ३१ मिमीच वर गेली, तरी समोरच्याच्या डोळ्यात प्रकाश जात होता.

७ डिसेंबर, रविवार

खडबडीत वाटेवर भरपूर फिरवून आणल्यावर पुन्हा सगळं आवळलं. यू-बोल्टाच्या आठपैकी पाच नटांनी पाव फेऱ्यापर्यंत जागा दिली. पाटे, गंजाचे सूक्ष्म कण, रंग, सगळं दबून बसतं आणि पकड सैल होते. जुन्या गाडीत याच टप्प्यावर सेंटर बोल्ट तुटतात.

मागे आता डावीकडे ४८३, उजवीकडे ४८२. कारागीर म्हणाला होता तसे पाच-सहा मिमी बसले. पुढे बदल नाही. मागून किंचित उंच, जसं असायला हवं तसं.

वाळूची पोती पुन्हा टाकली. ३०० किलोला आता ५२ मिमी बसते, पूर्वी ६१. रिकामी असतानाही उडत नाही.

गाडी उंच झाली म्हणजे तिचा गुरुत्वमध्यही वर गेला. तीव्र वळणावर ते स्टेअरिंगमध्ये कळतं, आणि वेग त्याप्रमाणे कमी ठेवतोय. नोंदणी आणि विम्याच्या नियमांत किती बदल चालतो ते उंची ठरवतानाच पाहून घेतलं होतं, कागद गाडीतच आहेत.

बाकी: पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणखी एकदा, उजव्या पुढच्या बुटावर लक्ष, आणि टायर झिजले की ३१ इंची घालून पूर्ण वळणावर मडगार्डला घासतात का ते पाहायचं.